जुन्या फॅशनची ओढ नेमकी कशाची असते?

जुना फोटो हाती आला की माणसाच्या तोंडून दोन परस्परविरोधी उद्गार जवळजवळ एकाच दमात निघतात. ‘काय हा अवतार!’ हा पहिला आणि ‘पण काय दिवस होते ते!’ हा दुसरा. गालांवर उतरलेले कल्ले, लांब टोकांची छातीवर पसरलेली कॉलर, बूट पूर्ण झाकून जमीन झाडत जाणारी पँटची मोहरी किंवा खांदे मुळापेक्षा दीडपट रुंद दाखवणारे पॅड यांचे हसू येते आणि तरीही नजर तिथून हटत नाही. जुने घर, जुने गाणे किंवा जुनी शाळा आठवताना आपण सहसा हसत नाही. जुन्या कपड्यांना मात्र हसतो, कारण त्या कपड्यांच्या आत आपण स्वतः असतो.

या स्मरणरंजनाविषयी लिहिताना बालपणीचे कपडे आणि तारुण्यातील फॅशन यांना बहुधा एकाच मापाने मोजले जाते. मला ही मोठी गल्लत वाटते. लहान मुलाचे कपडे दुसऱ्या कोणीतरी निवडलेले, आणलेले आणि चढवलेले असतात. तारुण्यातील कपडे ही मात्र पुष्कळांच्या आयुष्यातील पहिली स्वतंत्र निवड असते आणि ती अनेकदा घरच्यांशी हुज्जत घालून केलेली असते. म्हणून पहिल्या आठवणीच्या केंद्रस्थानी आपल्याला वाढवणारी माणसे असतात, तर दुसऱ्या आठवणीच्या केंद्रस्थानी आपण आणि आपली मित्रमंडळी असतात. ‘जुनी फॅशन परत आली पाहिजे’ असे म्हणणाऱ्या माणसाला यांपैकी नेमके काय परत हवे असते, हे ओळखले की या विषयातील पुष्कळशी गुंतागुंत सुटू लागते.

एकाच उगमातून निघालेल्या दोन पोशाखांवरून हा फरक नीट दिसतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या थोरल्या मुलासाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी, खलाशाच्या गणवेशाची छोटी प्रतिकृती शिवून घेतली होती आणि १८४६ मध्ये विंटरहाल्टर या चित्रकाराने चार वर्षांच्या त्या राजपुत्राचे त्याच वेशातील चित्र रंगवले. पाठीवर चौकोनी पडणारी कॉलर आणि खाली रुंद होत जाणारी विजार असा तो वेश होता. पुढील अनेक दशके, अगदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, युरोप-अमेरिकेतील असंख्य मुलांना चांगला कपडा म्हणून हाच घातला गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील तरुणांनी नौदलाच्या तशाच रुंद मोहरीच्या विजारी सैन्याचा जादा माल विकणाऱ्या दुकानांतून स्वस्तात उचलल्या, त्यांवर ठिगळे लावली, भरतकाम केले आणि त्यातून बेलबॉटमची लाट उसळली. उगम एकच, तो म्हणजे खलाशाचा कामाचा पोशाख. पण पहिल्या वेळी तो आईवडिलांनी मुलाला घातला आणि दुसऱ्या वेळी मुलांनी आईवडिलांच्या नाकावर टिच्चून घातला. पहिल्या पिढीच्या आठवणीत त्या कपड्यासोबत येते ते छायाचित्रकारापुढे हलू न देता उभे केले जाणे. दुसरीच्या आठवणीत रस्ता, गाणी आणि बरोबरीची पोरे येतात.

स्मृतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही या दोन वयांकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. साधारण तीन ते चार वर्षांच्या आधीचे प्रौढ माणसाला जवळजवळ काहीच आठवत नाही, आणि त्यानंतरची काही वर्षेही तुटक-तुटकच आठवतात. तरीही ‘माझा तो पिवळा फ्रॉक मला स्पष्ट आठवतो’ असे आपण खात्रीने सांगतो. पुष्कळदा आठवत असतो तो फ्रॉकचा फोटो किंवा मोठ्यांनी वारंवार सांगितलेला किस्सा, आणि त्यांच्या आधारे मन त्या कपड्याची आठवण मागाहून रचते. यात लबाडी नाही, कारण स्मृती मुळात अशीच काम करते. प्रत्येक वेळी आठवताना ती उपलब्ध साहित्यातून चित्र पुन्हा उभे करते आणि ते करताना थोडीफार डागडुजीही करून घेते.

बालपणीच्या ज्या कपड्यांची खरी, अंगाने अनुभवलेली आठवण उरते, ती दिसण्यापेक्षा स्पर्शाची जास्त असते. गळ्याशी टोचणारी लोकर, ताठ इस्त्रीच्या कॉलरचा मानेला लागणारा काठ, आणि सगळ्यांत नेमकेपणाने आठवणारी गोष्ट म्हणजे वाढत्या अंगाचा कपडा. मूल भराभर वाढते म्हणून कपडा एक-दोन मापे मोठा घ्यायचा, खालची दुमड भरपूर ठेवून आतून टाके घालायचे आणि उंची वाढली की ते टाके उसवून कपडा लांब करायचा, ही युक्ती जगभर चालत आली आहे. दुमड सोडलेल्या ठिकाणी एक गडद पट्टी दिसते, कारण आत झाकलेले कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेले नसते. जुन्या घडीची रेषाही कितीही इस्त्री फिरवली तरी पुरती जात नाही. मुलाला त्या रेषेची लाज वाटायची. चाळिशीनंतर त्याच माणसाला तीच रेषा आठवून गलबलते, कारण रात्री बसून ते टाके उसवणारी व्यक्ती आता त्याला दिसू लागलेली असते. कपडा बदललेला नाही, आठवणाऱ्याची जागा बदलली आहे.

तारुण्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. उतारवयातील माणसांना साधे शब्द देऊन त्यांवरून आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले, तर सर्व वयांतील प्रसंग सारख्या प्रमाणात येत नाहीत. अगदी अलीकडच्या गोष्टी बाजूला ठेवल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातील, विशेषतः ऐन पौगंडावस्था आणि विशीतील आठवणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येतात. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये निरनिराळ्या प्रयोगांतील माहिती एकत्र मांडून आठवणींच्या आलेखातील हा उंचवटा दाखवून दिला आणि त्यानंतरच्या संशोधनातही तो पुनःपुन्हा आढळला. आवडीनिवडीही याच सुमारास पक्क्या होतात असे दिसते. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसाला सर्वांत प्रिय वाटणारी गाणी ही तो सुमारे तेवीस-चोवीस वर्षांचा असताना लोकप्रिय असलेली निघाली. कपडे आणि केशरचना यांच्या आवडीतही असा एखादा घडणीचा काळ असतो का, याचा शोध याच दोघांनी पुढे घेतला.

हा उंचवटा का तयार होतो, याची एकाहून अधिक कारणे सांगितली जातात. त्या वयात अनेक गोष्टी पहिल्यांदाच घडतात आणि पहिला अनुभव मनावर खोल उमटतो. त्या वर्षांत स्मरणशक्तीही जोमात असते. ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर माणूस याच वयात शोधत असल्याने, त्या उत्तराशी जोडलेले सर्व काही तो पुढे जन्मभर जपतो. कपड्यांपुरते बोलायचे तर मला हे शेवटचे कारण सर्वांत वजनदार वाटते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे स्वतःविषयी काही सांगण्यासाठी साधने फार थोडी असतात. पद नसते, पैसा नसतो, घर स्वतःचे नसते. केस किती वाढवायचे, शर्टाची किती बटणे उघडी ठेवायची, पँट कमरेच्या किती खाली नेसायची एवढेच काय ते त्याच्या हातात असते, आणि म्हणून मोठ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टींसाठी तो जिवाच्या आकांताने भांडतो. अशा भांडणातून मिळवलेला कपडा पुढे कधीही निव्वळ कपडा राहत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ मधील आपल्या निबंधात फॅशनचे जे सूत्र मांडले, ते याच वयाला तंतोतंत लागू पडते. त्यांच्या मते फॅशन माणसाच्या दोन विरुद्ध गरजा एकाच वेळी भागवते. आपल्या गटासारखे दिसण्याची गरज ही एक आणि इतरांपासून वेगळे उठून दिसण्याची गरज ही दुसरी. शाळा-महाविद्यालयातील मुलांना या दोन्ही गरजा अतिशय तीव्रतेने जाणवतात. ती आईवडिलांपासून वेगळी दिसू पाहतात आणि मित्रांसारखी हुबेहूब दिसू पाहतात. पुढे त्या गटातील माणसे पांगतात आणि गटाचा गणवेश तेवढा फोटोत उरतो. चाळिशीतला माणूस जुन्या पद्धतीचे जॅकेट पाहून हळवा होतो, तेव्हा त्याला पुष्कळदा आठवत असते ती त्या जॅकेटात एका ओळीत उभी असलेली पाच-सहा डोकी.

स्मरणरंजनाची ही भावना आजार आहे की औषध, याविषयीचे मतही काळानुसार पूर्ण उलटले. १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ती थेट एक रोग म्हणून नोंदवली होती आणि पुढे घरापासून दूर लढणाऱ्या स्विस सैनिकांच्या संदर्भात या रोगाची बरीच चर्चा झाली. आज चित्र निराळे आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटीन सेडिकाइडीस आणि टिम विल्डशुट यांनी २००६ पासून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, स्मरणरंजनाची उबळ बऱ्याचदा एकटेपणा किंवा उदासी यांच्या पाठोपाठ येते आणि तिच्यानंतर माणसाला आपण इतरांशी जोडलेले आहोत असे अधिक वाटू लागते. लोकांनी लिहून दिलेल्या अशा आठवणींत सांगणारा स्वतः मध्यभागी असतो, पण तो बहुतेक वेळा एकटा नसतो. जुन्या अल्बमची आठवण नोकरी सुटल्यावर, मुले परगावी गेल्यावर किंवा एखादी जवळची व्यक्ती गमावल्यावर अधिक होते, त्यामागचे कारण यातून उलगडते.

आता थोडे वाईट बाजूबद्दल, कारण या आठवणी विश्वासार्ह नसतात. अप्रिय प्रसंगांशी जोडलेली भावना प्रिय प्रसंगांशी जोडलेल्या भावनेपेक्षा लवकर बोथट होते, हे स्मृतीच्या अभ्यासातून वारंवार दिसून आले आहे. चवड्यांना चावणारे उंच टाचांचे बूट, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारा पॉलिएस्टरचा शर्ट, केस फुगवण्यासाठी आरशापुढे घालवलेला वेळ हे सगळे पुसट होते आणि ‘काय रुबाब होता!’ एवढे शिल्लक राहते. त्यातच कोणते कपडे टिकतात हाही प्रश्न आहे. रोजचा कपडा वापरून विरतो आणि अखेरीस पुसण्याचे फडके होतो. जपून ठेवला जातो तो समारंभाचा कपडा, जो मुळातच कमी वापरलेला आणि त्या काळातील उत्तम कापडाचा असतो. फोटोही पूर्वी खास प्रसंगीच काढले जात. अशा गाळीव मालावरून ‘पूर्वीचे कपडे किती दर्जेदार असत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे फक्त पास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका पाहून वर्गाची हुशारी ठरवण्यासारखे आहे.

फोटोंचीच आणखी एक गंमत आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतील छापील रंगीत फोटो आज पाहिले तर त्यांवर एक तांबूस-केशरी झाक दिसते. त्या काळच्या बऱ्याच छायाचित्र-कागदांतील निळसर रंगद्रव्य इतर रंगद्रव्यांपेक्षा कमी टिकाऊ असल्याने ते अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या अल्बममध्येही हळूहळू उडून गेले आणि तांबडा-पिवळा रंग वर आला. त्या झाकेची आपल्याला इतकी सवय झाली आहे की सत्तरचे दशक म्हटले की सोनेरी उन्हाचे, उबदार रंगाचे जग डोळ्यांपुढे येते आणि नव्या फोटोंना ‘जुना लूक’ देणारी मोबाइलची ॲप नेमकी तीच छटा चढवतात. त्या दशकात तपकिरी-केशरी कपडे लोकप्रिय होते हेही खरेच. पण आज दिसणाऱ्या उबदारपणातला काही वाटा कपड्यांचा नसून रसायनांच्या ऱ्हासाचा आहे.

जुनी फॅशन परत येते ती किती वर्षांनी, या प्रश्नाचे अनेकांनी गमतीने आणि गंभीरपणेही उत्तर दिले आहे. पोशाखाचे ब्रिटिश इतिहासकार जेम्स लेव्हर यांनी १९३७ मध्ये यासाठी एक तक्ताच मांडला होता. त्यानुसार तोच कपडा आपल्या काळाच्या दहा वर्षे आधी असभ्य वाटतो आणि एक वर्ष आधी धाडसी. चालू हंगामात तो झोकदार ठरतो, दहा वर्षांनी विद्रूप, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीदार, पन्नास वर्षांनी वेधक आणि दीडशे वर्षांनी सुंदर वाटतो. हे काही मोजून काढलेले विज्ञान नव्हते. प्रत्यक्ष मोजमाप केले ते मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि जेन रिचर्डसन यांनी. त्यांनी सुमारे तीन शतकांतील स्त्रियांच्या पोशाखांची चित्रे घेऊन घागऱ्याची लांबी, घेर, कमरेची जागा, गळ्याची खोली असली मापे काढली आणि १९४० मध्ये दाखवून दिले की हे बदल वाटतात तितके लहरी नसून घेरासारख्या गोष्टींच्या लाटेला एक पूर्ण फेरा घ्यायला साधारण शतक लागते. सावकाश फिरणाऱ्या या मोठ्या लाटेवर छोट्या, वीस-पंचवीस वर्षांच्या लाटा उठत असतात आणि आपले स्मरणरंजन या छोट्या लाटांशी जोडलेले असते.

वीस-पंचवीस वर्षेच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी माणसाच्या वयातच दडले आहे. जो मुलगा किंवा मुलगी एखादा पेहराव पाहत मोठी झाली, ती वीस वर्षांनी रेखाटनकार, संपादक, दुकानाची मालक किंवा किमान पगारदार ग्राहक झालेली असते. आपल्या लहानपणी मोठी मुले जे घालत आणि आपल्याला जे मिळत नसे, ते तयार करण्याची किंवा विकत घेण्याची ऐपत तिच्याकडे नेमकी तेव्हा येते. त्याच सुमारास आधीच्या पिढीची कपाटे रिकामी होऊन जुने कपडे जुन्या बाजारात स्वस्तात येतात आणि ज्यांनी तो काळ पाहिलाच नाही अशा तरुणांना ते नवेच वाटतात. हा अवधी पुरा होण्याआधी घाई केली तर काय होते, याचे एक उदाहरण बुटांच्या व्यवसायात आहे. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या नावाचे नायकी कंपनीचे पहिले बूट १९८५ मध्ये बाजारात आले आणि प्रचंड गाजले. तेच बूट कंपनीने १९९४ मध्ये पुन्हा काढले तेव्हा मात्र त्यांना उठाव मिळाला नाही आणि पुष्कळसा माल सवलतीत विकावा लागला. ते तेव्हा ‘जुने’ झाले होते, पण ‘जुन्या काळचे’ झाले नव्हते. त्याच बुटांच्या नव्या आवृत्त्यांसाठी पुढे रांगा लागू लागल्या.

स्वतः न जगलेल्या काळाबद्दल हुरहूर वाटणे, हा या विषयातील सर्वांत कोड्यात टाकणारा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील उच्चभ्रू शिंप्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, म्हणजे सातव्या एडवर्डच्या काळातील पुरुषी पोशाख पुन्हा आणण्याचा घाट घातला. लांब कोट, मखमली कॉलर आणि अरुंद पँट असा तो थाट सधन तरुणांसाठी होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कामगार वस्त्यांतील पोरांनी तो उचलला, त्याला जाड रबरी तळव्यांचे बूट आणि तेल लावून कपाळावर वळवलेल्या केसांची जोड दिली आणि ‘टेडी बॉय’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. मूळ सधन गिऱ्हाइकांनी तो पोशाख लगेच टाकून दिला. या पोरांना एडवर्डच्या काळाबद्दल प्रेम असण्याचे काही कारण नव्हते. त्यांना हवी होती ती रेशनच्या कपड्यांत गेलेल्या बालपणाच्या अगदी उलट असलेली ऐट. ब्रिटनमध्ये कपड्यांवर १९४१ ते १९४९ पर्यंत नियंत्रण होते आणि युद्धाच्या काही काळात पुरुषांच्या पँटला खाली दुमड ठेवण्यावरसुद्धा बंदी होती. असे बालपण काढलेल्या मुलाला गुडघ्यापर्यंत येणारा कोट म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

याची दुसरी बाजू पॅरिसमध्ये दिसली. इव्ह सँ लोराँ यांनी जानेवारी १९७१ मध्ये १९४० च्या दशकावर बेतलेला संग्रह सादर केला. रुंद खांदे, गुडघ्यापर्यंतचे झगे, डोक्याला फेटेवजा वस्त्र, जाड तळव्यांच्या चपला आणि फुगीर फरचे आखूड कोट असे त्याचे रूप होते. समीक्षकांनी त्यावर सडकून टीका केली. त्यांच्यातील अनेकांनी जर्मनांच्या ताब्यातील पॅरिस स्वतः पाहिले होते. त्यांच्यासाठी ती रुंद खांद्यांची बाई म्हणजे टंचाई, भीती आणि शत्रूशी संगनमत यांची आठवण होती. तरुण मुलींना मात्र तोच पेहराव ताजा आणि खट्याळ वाटला, आणि पुढील काही वर्षांत रस्त्यावर त्याचाच प्रभाव दिसला. एकाच कोटाकडे पाहून एक पिढी शहारली आणि दुसरी खूश झाली. न जगलेल्या काळाचे स्मरणरंजन इतके सुखद का असते, ते यावरून कळते. त्या काळाचे दुःख आपल्या वाट्याला आलेले नसते, आपल्यापर्यंत फक्त त्याचे कापड पोहोचते.

आणि कापडसुद्धा तेच पोहोचत नाही. जुन्या धाटणीची जीन्स घ्यायला गेलेल्यांना हे लगेच जाणवते. १८७३ मध्ये लेव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेटा मारण्याचे पेटंट घेतले तेव्हा जीन्स हा मजुरांचा कपडा होता, आणि पुढे ती तरुणांची झाली तेव्हाही तिचे कापड जाड, निखळ सुती आणि आडमुठे होते. नवी जीन्स पहिले काही आठवडे अंगाला सरावत नसे. घट्ट असेल तर पलंगावर आडवे होऊन चेन लावावी लागे, आणि महिनोन्‌महिने वापरल्यावर गुडघ्यामागच्या चुण्या व खिशातल्या पाकिटाचा चौकोन तिच्यावर फिकट रंगात उमटे. आज ‘सत्तरच्या दशकातली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ जीन्समध्ये ताणले जाणारे इलास्टेनचे धागे मिसळलेले असतात आणि फिकट चट्टे कारखान्यातच घासून किंवा लेसरने पाडलेले असतात. आकार तोच, पण अंगाशी होणारी झटापट गेली. खरेदी करून घरी आल्यावर ‘तशी नाही वाटत’ असे जे होते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण आरशात उभे असते. तो कपडा ज्या शरीरावर शोभला होता ते शरीर आता कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि मापाचे आकडेही वर्षांनुवर्षे सैल होत गेल्याने जुना आकडा पाहून नवा कपडा घेण्यातही अर्थ उरलेला नाही.

बाजार या भावनेचे काय करतो, याचा वेगळा विचार केला पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या आसपासचे तरुण वादक जुन्या बाजारातले चौकड्यांचे फ्लॅनेल शर्ट, विटलेले स्वेटर आणि जाड बूट घालत, कारण ते स्वस्त होते आणि तिथली हवा गार व ओली असते. मार्क जेकब्स यांनी पेरी एलिस या कंपनीसाठी नोव्हेंबर १९९२ मध्ये हाच, त्या वादकांच्या संगीतप्रकारावरून ‘ग्रंज’ म्हटला जाणारा वेश महागड्या फॅशन-मंचावर आणला आणि फ्लॅनेलच्या चौकड्या चक्क रेशमावर छापल्या. टीका झाली आणि त्यांची नोकरीही गेली. पण २०१८ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर, त्यांनी त्याच संग्रहातील कपडे स्वतःच्या नावाने पुन्हा विक्रीला काढले. गरजेतून आलेला कपडा आधी रेशमी झाला आणि मग त्या रेशमी नकलेचेही स्मरणरंजन झाले. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत ते ठाऊक असते. पण ‘नव्वदचे दशक असे होते’ म्हणून जेव्हा हे सांगितले जाते, तेव्हा त्या दशकात ज्यांनी साधे, बिनचेहऱ्याचे, थोरल्या भावंडांचे उतरलेले कपडे घातले त्या बहुसंख्य मुलांचे दशक चित्रातून गळून पडते.

फॅशनच्या आठवणींत वंचितांची आठवण अशी हरवते खरी, पण पूर्णपणे नाही. जुन्या धाटणीचे बूट, घड्याळे आणि जॅकेटे चाळिशीत हौसेने घेणाऱ्यांमध्ये एक मोठा वर्ग असा असतो की ज्याला त्या वस्तू लहानपणी कधीच मिळाल्या नव्हत्या. वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या पायात ते बूट असत आणि याच्या पायात नसत. त्याची ओढ गमावलेल्या वस्तूची नसते, नाकारल्या गेलेल्या वस्तूची असते, आणि ती अधिक हट्टी असते. असे बूट पुष्कळदा वापरलेही जात नाहीत. डब्यातून काढून पाहायचे आणि परत ठेवायचे, एवढाच त्यांचा उपयोग असतो. याला दिखाऊपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आजच्या तरुण पिढीच्या आठवणींचे साहित्य मात्र पूर्वीपेक्षा वेगळे असेल. तिचे फोटो हजारोंनी आहेत आणि ते समारंभांपुरते नाहीत. रोजचा विटका टी-शर्ट, घरातली ढगळ पँट, फसलेला केशकाप असे सर्व काही तारखेसह साठवलेले आहे आणि कोणतेही रंगद्रव्य उडून त्यावर सोनेरी झाक चढणार नाही. उलट कपडे मात्र पूर्वीपेक्षा लवकर फाटतात, टाकले जातात आणि विसरले जातात, त्यामुळे वीस वर्षांनी कपाटात सापडण्यासारखे थोडेच उरेल. शिवाय समाजमाध्यमांवर प्रत्येक दशकाचा पेहराव एकाच वेळी उपलब्ध असल्याने, एखादी धाटणी जुनी व्हायला जो निवांत काळ लागतो तोच तिला मिळत नाही. २००० च्या आसपासच्या कमरेखाली नेसायच्या जीन्स आणि आखूड टॉप वीस वर्षांनी ठरल्याप्रमाणे परत आले खरे, पण त्यानंतरच्या दशकातील पेहरावाची आठवण काढणे लोकांनी पंधरा वर्षेही न थांबता सुरू केले आहे. लेव्हर यांच्या तक्त्यात हास्यास्पद आणि गमतीदार यांच्यामध्ये दहा वर्षांचे अंतर होते. ते अंतर आता एखाद्या हंगामावर आले, तर कपड्यावर हसण्याला आणि त्याच्यासाठी हळवे होण्याला माणसाला वेगवेगळी वये लागणार नाहीत, दोन्ही एकाच वयात उरकतील.